सत्य रहस्यकथा वाचणारे कोण कोण आहेत? आणि उत्तर कळलं की मजा जाते का?

अर्धविराम
परवा रात्री "आणखी एकच प्रकरण" असं स्वतःला सांगत सांगत पावणेदोन वाजवले. विषय फ्लॅनन बेटांवरच्या दीपगृहाचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर समुद्रातली ही ओसाड बेटं. साल १९००. दीपगृहावर तीन रखवालदार होते: जेम्स ड्युकाट, थॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकआर्थर. १५ डिसेंबरच्या रात्री जवळून गेलेल्या एका जहाजाला दिवा दिसला नाही. २६ तारखेला 'हेस्पेरस' ही बोट बदलीचा माणूस घेऊन पोचली, तर धक्क्यावर घ्यायला कुणीच नाही. तो बदलीचा माणूस, जोसेफ मूर, एकटा वर चढून गेला. आत चिटपाखरू नव्हतं. ते तिघे आजतागायत सापडलेले नाहीत.

ही गोष्ट मी शाळेत असताना कुठल्याशा मासिकात वाचली होती. टेबलावर तसंच टाकलेलं जेवण, घाईत उलटलेली खुर्ची आणि नोंदवहीत "ड्युकाट गप्प आहे, मॅकआर्थर रडतोय" अशा नोंदी. त्या खुर्चीने माझी बरीच झोप खाल्ली आहे. डोळे मिटले की तीच दिसायची.

आता कळतंय की जेवण आणि खुर्ची हे दोन्ही विल्फ्रिड गिब्सन नावाच्या कवीने १९१२च्या कवितेत घातलेलं आहे. मूरने स्वतः लिहून ठेवलंय की स्वयंपाकघरातली भांडीकुंडी घासूनपुसून जागच्या जागी होती, म्हणजे जेवण उरकूनच माणसं बाहेर पडली असणार. त्या रडारडीच्या नोंदी तर खऱ्या वहीत नाहीतच. घटनेनंतर कित्येक वर्षांनी कुणीतरी छापून आणलेला तो मजकूर.

म्हणजे मी वीसेक वर्षं एका कवीच्या खुर्चीला घाबरत होतो!

आता प्रश्न असा. हे वाचून मला फसवल्यासारखंही वाटलं आणि विलक्षण मजाही आली. नक्की कशाची मजा आली तेच सांगता येत नाहीये. तुम्हाला काय आवडतं, न सुटलेलं कोडं की सुटतानाचं कोडं?

रिकामटेकडी
रुमाल टाकून ठेवते, सावकाश लिहीन. पण माझं उत्तर आत्ताच सांगते: न सुटलेलंच.

१५ ऑगस्ट १९७७ला ओहायोतल्या 'बिग इअर' दुर्बिणीला ७२ सेकंद एक जोरदार रेडिओ संकेत मिळाला. काही दिवसांनी छापील कागद चाळताना जेरी एहमन या खगोलशास्त्रज्ञाने त्याला लाल पेनाने गोल करून बाजूला नुसतं "वॉव" लिहिलं. तसा संकेत त्या जागेवरून पुन्हा कधी आला नाही. एवढंच! मला तो लाल गोल पुरतो. कुणी येऊन "अहो, ते अमुक होतं" म्हणालं तर मी ऐकून घेईन, पण मनातल्या मनात कानावर हात ठेवून.

शंकासुर
अर्धविराम, मजा कशाची आली ते मी सांगतो. घटना आणि घटनेची गोष्ट यांच्यात किती अंतर पडलंय ते तुम्हाला प्रत्यक्ष मोजता आलं. मला या प्रकारच्या पुस्तकांचं व्यसन लागलं ते याच कारणाने.

मेरी सेलेस्ट घ्या. डिसेंबर १८७२मध्ये अझोर्स आणि पोर्तुगालच्या मधे हे जहाज शिडं अर्धवट उभारलेली अशा अवस्थेत भरकटताना सापडलं. वर माणूस नाही. लहानपणी वाचलेलं आठवून बघा: कपातला चहा गरम होता, न्याहारी वाढलेली होती, सगळ्या होड्या जागेवर होत्या. यातलं एकही खरं नाही. जहाजावरची होडी गायब होती. जहाज सोडल्याला नऊदहा दिवस होऊन गेले होते, कारण शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची, सांता मारिया बेटाजवळची. हे तिखटमीठ कुठून आलं? बराचसा दोष १८८४मध्ये तरुण आर्थर कॉनन डॉइलने यावर बेतून लिहिलेल्या एका कथेकडे जातो. त्याने जहाजाचं नावसुद्धा 'मारी सेलेस्त' करून टाकलं आणि कित्येक लोक आजही तेच म्हणतात.

आता खरं काय होतं ते बघा. तळात अल्कोहोलची १७०१ पिंपं, त्यातली नऊ रिकामी. दोन पंपांपैकी एक खोललेला. तळात किती पाणी साचलंय ते मोजायची काठी डेकवर पडलेली. बरोबर कॅप्टन ब्रिग्ज, त्याची बायको, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी. बायकापोरं बरोबर असताना पंप चालत नाही, पाणी किती आहे ते कळत नाही किंवा तळातून अल्कोहोलच्या वाफा येतायत, अशा वेळी माणूस "थोडा वेळ होडीत उतरू या" म्हणेल की नाही? माझ्या डोक्यात ती काठी रुतून बसलीय. गरम चहापेक्षा ती कितीतरी भयानक आहे.

ता. क. जिब्राल्टरच्या चौकशीत सरकारी वकिलाला खुनाचा संशय होता. एका तलवारीवर डागही सापडले. तपासले तर ते रक्ताचे नव्हते. जहाज वाचवून आणणाऱ्या बिचाऱ्या खलाशांवरचा संशय मात्र शेवटपर्यंत पुरता फिटला नाही.

तिरपागडा
एवढं सगळं सांगून परग्रहवासी कुठेच नाहीत? निषेध. 😀

शंकासुर
@तिरपागडा, त्यांची सोय बर्म्युडा त्रिकोणात केलेली होती. तिथूनही त्यांना लॅरी कुश नावाच्या एका ग्रंथपालाने हुसकावलं. हा माणूस ॲरिझोनातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करायचा. त्याने काय केलं, तर प्रत्येक "गूढ" घटनेच्या तारखेचं वर्तमानपत्र आणि हवामानाची नोंद मागवली. १९७५मध्ये ते सगळं छापलं. "शांत समुद्रात" नाहीशी झालेली काही जहाजं प्रत्यक्षात वादळात सापडली होती, काही तर त्रिकोणापासून फार लांब बुडाली होती. ना दुर्बीण, ना पाणबुडी. जुन्या वर्तमानपत्रांची चळत आणि चिकाटी, बस्स.

काजवा
छान धागा! वाचनखूण साठवली.

मी शंकासुरांच्या बाजूची, पण कारण वेगळं. कधी कधी उत्तर हे कोड्याहून सुंदर निघतं.

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत एक कोरडं, सपाट तळं आहे, रेसट्रॅक प्लाया. तिथे मोठाले दगड आपोआप सरकतात आणि मागे लांबच लांब चर उमटतो. दगड सरकताना कुणी पाहिलेलं नव्हतं. चुंबकीय शक्तीपासून वादळी वाऱ्यापर्यंत सगळं सुचवून झालं होतं. शेवटी रिचर्ड आणि जेम्स नॉरिस या दोघा चुलतभावांनी आपले दगड नेऊन ठेवले, त्यांच्यात जीपीएस बसवलेले. आणि डिसेंबर २०१३मध्ये ते नेमके तिथे हजर असताना दगड हलले!

कसे, तर तळ्यात जेमतेम काही इंच पाणी. रात्री त्यावर तीन ते सहा मिलिमीटर जाडीचा बर्फ धरतो, खिडकीच्या काचेएवढा. सकाळी ऊन लागलं की तो तडकतो आणि मोठमोठे पापुद्रे साध्या झुळकेने वाहू लागतात. ते दगडाला मागून टेकतात आणि हळूहळू ढकलत नेतात. मिनिटाला दोन ते पाच मीटर. लांबून बघणाऱ्याला तो हलतोय हे कळणारही नाही. नंतर पाणी आटतं, बर्फ जातो, चर तेवढा उरतो.

जड दगड आणि काचेएवढा बर्फ! इतकं देखणं उत्तर मला कल्पनेने सुचलंच नसतं. मी तो लेख वाचून दुसऱ्या दिवशी ऑफिसात दिसेल त्याला सांगत सुटले होते. कुणालाही काहीही पडलेली नव्हती, तो भाग वेगळा.

रिकामटेकडी
काजवा, मान्य, दगड सुंदर आहेत. पण दगडांना बायकामुलं नसतात. माणसं हरवलेल्या प्रकरणांत मला उत्तर नकोसं वाटतं, कारण ते बहुतेकदा फार क्षुल्लक निघतं. एक लाट आली. पंप बिघडला. एवढ्याशासाठी माणूस गेला, हे पचत नाही. गूढ राहिलं तर निदान त्या मरणाला काही वजन राहतं.

सांजवारा
रिकामटेकडी, तुझं म्हणणं डायटलोव्ह खिंडीला तंतोतंत लागू आहे. त्याच्यावर दर दोन वर्षांनी नवा सिद्धांत येतो, तो याच कारणाने असावा.

फेब्रुवारी १९५९, उत्तर उरल पर्वत. नऊ जण, बहुतेक विशीतले, सगळे मुरलेले गिर्यारोहक. रात्री तंबू आतून फाडून बाहेर पडले, धड बूटही न घालता, आणि दीड किलोमीटर खाली जंगलापर्यंत चालत गेले. तापमान उणे २५च्या आसपास. कुणी थंडीने गेलं, काहींच्या बरगड्या आणि कवटी मोडलेली. त्या वेळच्या तपासाचा निष्कर्ष "अनिवार नैसर्गिक शक्ती". असं वाक्य सरकारी कागदावर आलं की पुढची साठ वर्षं लोकांची सोय झालीच.

२०२१मध्ये गोम आणि पुझरिन या दोन संशोधकांनी गणित मांडलं. तंबू रोवायला त्यांनी उतार कापला. वरून वाऱ्याने रात्रभर हिम आणून टाकलं. काही तासांनी त्या कापाच्या वरचा घट्ट थर फळीसारखा निसटून झोपलेल्यांवर आला. लहानसाच, म्हणून नंतर खुणा फारशा दिसल्या नाहीत. बरगड्या कशा मोडल्या असतील हे काढायला त्यांनी मोटारींच्या जुन्या टक्कर-चाचण्यांची माहिती वापरली आणि हिम कसं वागेल यासाठी एका ॲनिमेशनपटात बर्फ हलवायला लिहिलेली संगणकप्रणाली. हे वाचताना मी उठून उभी राहिले होते.

पण पुढचं ऐका. तंबूबाहेर पडल्यानंतर काय घडलं, ते आम्ही सांगत नाही, असं त्यांनीच स्पष्ट म्हटलंय. म्हणजे कोडं संपलं नाही, त्याची जागा बदलली. आधी "कशाने पळाले" हा प्रश्न होता. आता जखमींना घेऊन अंधारात दीड किलोमीटर कसे गेले, कुणी कुणाला धरलं, आग पेटवायला फांद्या कुणी तोडल्या, हे प्रश्न आहेत. तो दहावा मुलगा, युरी युदिन, दुखण्यामुळे वाटेतूनच परत फिरला होता. तो २०१३पर्यंत जगला. मला राक्षस, क्षेपणास्त्रं यांच्यापेक्षा त्याच्याबद्दल वाचायला जास्त आवडेल.

आणि हो, त्या मुलांच्या प्रेतांचे फोटो मुखपृष्ठावर छापणारी पुस्तकं मी हातात घेत नाही. हा माझा वैयक्तिक नियम.

तिरपागडा
त्या नियमाला +१. (बघा, मी गंभीरही होतो.)

जुनी_वही
एरवी नुसती वाचते, आज लिहावंसं वाटलं.

आमच्या घरातला एक माणूस असाच गेला. माझ्या आईचे मामा. मी तेव्हा लहान होते. सकाळी "येतो" म्हणून बाहेर पडले ते आलेच नाहीत. त्यावर घरात इतक्या वेळा बोलणं झालंय की मला ती सकाळ पाठ आहे, म्हणजे असं मला वाटायचं.

काही वर्षांपूर्वी सगळे जमलेले असताना विषय निघाला. आई म्हणाली, निळा सदरा होता. मावशी म्हणाली, छे, पांढरा, मीच इस्त्री केली होता. धाकट्या मामांना चौकड्यांचा आठवत होता, खिशाला पेन लावलेलं. तिघंही शपथेवर सांगायला तयार. त्या वेळच्या तक्रारीची प्रत आजीच्या ट्रंकेत होती, ती काढली. त्यात लिहिलं होतं: "अंगात करड्या रंगाचा सदरा." माहिती देणारी म्हणून सही आईचीच.

आई बराच वेळ त्या सहीकडे बघत बसली.

तेव्हापासून मी ही पुस्तकं वेगळ्या डोळ्यांनी वाचते. "साक्षीदाराने स्पष्ट पाहिलं" असं वाक्य आलं की मी थांबते आणि बघते, कधी सांगितलं, त्याच दिवशी की तीस वर्षांनी? रिकामटेकडी, तुमच्या वजनाच्या मुद्द्यावर एवढंच म्हणेन, की क्षुल्लक का होईना, आम्हाला उत्तर चाललं असतं.

रिकामटेकडी
जुनी_वही, तुमचा प्रतिसाद वाचून माझं आधीचं वाक्य मलाच टोचलं. वाचणाऱ्याला गूढ परवडतं, घरच्यांना नाही. मी हे लक्षात घ्यायला हवं होतं.

शंकासुर
(इस्त्री केली "होती" हो. व्याकरणाचा किडा आहे, माफ करा. प्रतिसाद मात्र या धाग्यातला सर्वांत मोलाचा.)

उत्तर आणि घरचे यावरून सॉमर्टनचा माणूस आठवला. १ डिसेंबर १९४८ला ॲडलेडजवळच्या किनाऱ्यावर भिंतीला टेकलेल्या अवस्थेत एक प्रेत सापडलं. नीटनेटका सूट, कपड्यांवरची नावाची पट्टी काढलेली, आणि खिशातल्या चोरकप्प्यात कागदाचा कपटा: "तमाम शुद", म्हणजे "संपलं". तो उमर खय्यामच्या रुबायांच्या प्रतीतून फाडलेला निघाला. त्या प्रतीच्या मागे अक्षरांच्या काही ओळी, सांकेतिक वाटाव्या अशा. सगळ्यांनी हेर ठरवून टाकला.

प्रेताच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला होता, त्यात काही केस अडकून राहिले होते. २०२२मध्ये डेरेक ॲबट आणि कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी त्या केसांच्या डीएनएवरून वंशावळ लावत लावत नाव काढलं: कार्ल वेब, मेलबर्नचा विद्युत अभियंता, जन्म १९०५. त्याच्या सामानातल्या टायवर "कीन" हे नाव होतं, त्यावरून त्या काळी केवढी शोधाशोध झाली. वेबच्या मेहुण्याचं आडनाव कीन निघालं! हेर वगैरे काही नाही, मेहुण्याचा टाय.

ॲडलेडला तो का गेला, मेला कशाने, हे अजून कळलेलं नाही. नाव मिळालं, माणूस नाही मिळाला.

काजवा
मेहुण्याचा टाय!! यावर मी आठवडाभर जगेन.

उलटं उदाहरण रूपकुंडचं. पाच हजार मीटर उंचीवरचं तळं, त्यात शेकडो माणसांचे सांगाडे. गारपिटीत सापडलेला एकच जथा, हे उत्तर बरीच वर्षं सगळ्यांना मान्य होतं. मग २०१९मध्ये ३८ जणांचा डीएनए तपासला. २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे, साधारण सातव्या ते दहाव्या शतकातले. १४ जण पूर्व भूमध्य सागराकडचे, आणि तेही त्यांच्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी मेलेले! शिवाय एक जण आग्नेय आशियाई. ग्रीस, क्रीटकडची माणसं हिमालयातल्या त्या तळ्यावर काय करत होती? उत्तर शोधायला गेले आणि आधी होतं तेही हातातून गेलं. रिकामटेकडी, हे तुझ्यासाठी.

रिकामटेकडी
घेतलं! 🙂

सांजवारा
एक प्रकार राहिला: उत्तर सुरुवातीपासून समोर असतं, पण सांगणारा "आपल्यातला" नसतो. जॉन फ्रँकलिन या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची मोहीम १८४५मध्ये दोन जहाजं आणि १२९ माणसं घेऊन आर्क्टिकमध्ये गेली आणि गडप झाली. १८५४मध्ये जॉन रे याने तिथल्या मूळ रहिवाशांकडून, म्हणजे इन्युइट लोकांकडून, ऐकलेलं कळवलं: माणसं उपाशी मेली, शेवटी नरमांसही खाल्लं. इंग्लंडात गहजब झाला. खुद्द चार्ल्स डिकन्सने इन्युइटांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून लेख लिहिले. पुढे हाडांवर सुऱ्यांच्या खुणा सापडल्या. त्या दोन जहाजांपैकी 'एरेबस' २०१४मध्ये मिळालं, तेही इन्युइट सांगत आले होते त्याच भागात. 'टेरर' २०१६मध्ये, आणि तिथे शोधा हे सांगणारा नावेवरचा एक इन्युइटच. याला रहस्य म्हणायचं की दीडशे वर्षांचा बहिरेपणा?

अर्धविराम
धागा काढला तेव्हा इतकं येईल असं वाटलं नव्हतं. जुनी_वही, मनापासून आभार.

काल एक गंमत झाली. माझी नऊ वर्षांची पुतणी "भुताची गोष्ट सांग" म्हणून मागे लागली होती. तिला फ्लॅननची सांगितली. मुद्दाम खुर्ची नाही, जेवण नाही, रडारड नाही. फक्त चौकशी अधिकारी म्युरहेडच्या अहवालातलं. पश्चिमेच्या धक्क्याची झालेली नासधूस, समुद्रापासून ११० फूट उंचीवर ठेवलेली आणि तरीही फुटलेली पेटी, दोनशे फूट उंच कड्यावरची उखडलेली हिरवळ. ड्युकाट आणि मार्शल यांचे बूट आणि पावसाळी कोट जाग्यावर नाहीत. मॅकआर्थरचा कोट खुंटीलाच. आणि दीपगृह कधीही रिकामं सोडायचं नाही, हा नियम.

मला वाटलं, कंटाळून झोपेल. ती उठून बसली.

"काका, डिसेंबर होता ना? मग तिसऱ्याने कोट का नाही घातला?"

शंकासुर
हाच खरा प्रश्न. माझं मत: वरून मोठी लाट येताना दिसली आणि दोघांना सावध करायला तो तसाच पळाला.

सांजवारा
पण धक्का त्या खोलीतून दिसतो का? ते आधी बघायला हवं. एक जण धावत परत आला, "तो पाण्यात पडला, चल लवकर" म्हणाला, असंही असेल.

काजवा
मग परत आलेल्याचे बूट दाराशी ओले असणार. पण तो परत गेलाच म्हणा. कुणाकडे बेटाचा नकाशा आहे का?

तिरपागडा
थांबा, शोधतोय.